भीमबेटकाला जाताय? मग भिंतीसमोर उभं कसं राहायचं ते आधी वाचा

पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळीस मिनिटांत भीमबेटका, म्हणजे भोपाळजवळची दगडांवरच्या प्राचीन चित्रांची जागा, उरकून आलेलो. भोपाळला लग्नाला गेलो होतो, परतीची गाडी रात्रीची, मधल्या वेळात करायचं काय म्हणून मेव्हण्याने गाडी काढली, पोचलो, नंबरच्या पाट्या बघत बघत फिरलो, हत्ती दिसला, घोडे दिसले, तिथल्या एका माणसाने सांगितलं की हे सगळं एक लाख वर्षं जुनं आहे, आम्ही "अरे बापरे" म्हटलं आणि खाली येऊन चहा प्यायलो. घरी येऊन फोटो उघडले तर निम्म्यात नुसता दगड. उरलेल्या निम्म्यात दगडासमोर मी.

मग तीन-चार वर्षांनी परत गेलो, बहीण आणि तिचा नऊ वर्षांचा पोरगा सोबत, आणि अख्खा दिवस काढला. मधल्या काळात थोडंफार वाचलेलं. त्या दिवशी जे दिसलं ते आधीच्या वेळी तिथेच होतं की, फक्त मला बघता येत नव्हतं. म्हणून हे लिहितोय. पोचायचं कसं ते गुगल मॅप सांगेल, पोचल्यावर बघायचं कसं ते तो सांगत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याला अजिंठा-वेरूळची सवय, त्यामुळे "गुहाचित्रं" म्हटलं की आपण खोदलेली लेणी, खांब, सपाट केलेली भिंत, त्यावर गिलावा असं काहीतरी धरून चालतो. भीमबेटकाला कुणी काही खोदलेलं नाही. विंध्याचा वालुकाश्म आहे, तो ऊन-पाऊस-वाऱ्याने झिजून झिजून खाली पोकळ झालाय आणि वर छज्जासारखा पुढे आलाय, त्या छज्जाखाली माणसं राहिली. याला शैलाश्रय म्हणतात, म्हणजे पावसात बसस्टॉपखाली उभं राहतो तसं, फक्त बसस्टॉप दगडाचा आणि मुक्काम हजारो वर्षांचा. गिलावा नाही, चौकट नाही, दगडावर थेट रंग. त्यामुळे अजिंठ्यासारखं "हे बघा चित्र" असं काही समोर येत नाही. शोधावं लागतं.

आकडे एकदाच सांगून टाकतो. या सगळ्या टेकड्यांवर मिळून सातशेपेक्षा जास्त शैलाश्रय आहेत, त्यातल्या चारशेच्या वर ठिकाणी चित्रं आहेत, आणि आपल्याला बघायला खुले आहेत ते पंधराएक. २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. पंधराच खुले म्हणून नाराज होऊ नका, पंधरा नीट बघायला एक दिवस कमी पडतो.

जायचं कसं आणि कधी

भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटर, नर्मदापुरमच्या (आपल्या जुन्या होशंगाबादच्या) रस्त्यावर, मंडीदीप मागे टाकलं की ओबेदुल्लागंज, आणि पुढे थोड्या अंतरावर फाटा. फाट्यावर एमपी टूरिझमचं खाण्याचं ठिकाण आहे, पोटपूजा तिथेच करून घ्या कारण वर खायला-प्यायला काही धरून चालू नका. रेल्वेचं फाटक ओलांडून जावं लागतं, ते बंद असलं तर शांतपणे थांबायचं, पुढच्या कामाची प्रॅक्टिस होते.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी जमलं तर मुंबई-नाशिक-भुसावळ किंवा नागपूरकडून इटारसीमार्गे जाणारी अशी गाडी घ्यावी जी इटारसी ते भोपाळ हा टप्पा उजेडात पार करते. नर्मदा ओलांडली की बुधनीपासून घाट लागतो, जंगल लागतं, आणि ओबेदुल्लागंजच्या आधी खिडकीतून टेकड्यांच्या माथ्यावरचे उघडे खडक दिसू शकतात. फालतू टिप नाही ही. १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर याच लाईनवरून जात असताना त्यांना गाडीच्या खिडकीतून हेच खडक दिसले आणि ते माग काढत तिथे पोचले. मध्य प्रदेशातला मराठी माणूस, नीमचचा जन्म, उज्जैनला आयुष्य, लोक हरिभाऊ म्हणायचे, पुढे १९७५ मध्ये पद्मश्री. त्याआधी १८८८ मध्ये किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भीमबेटकाचा उल्लेख केलेला होता, पण तो स्थानिक लोकांकडून ऐकून, आणि ही बौद्ध जागा असावी असं धरून. म्हणजे नाव कागदावर होतं आणि सत्तर वर्षं कुणी मान वर करून छताकडे बघितलं नाही. आसपासच्या गावातल्या लोकांना अर्थातच सगळं माहीत होतं, त्यांच्या लेखी ती भीमाची बैठक, म्हणून नाव भीमबेटका.

सीझन ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये तिथला दगड तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात जंगल सुंदर असतं पण घसरडं होतं आणि ढगाळ उजेडात फिके रंग अजून फिके. सोमवार ते शुक्रवार जमत असेल तर तेव्हाच जा. रविवारी सहलीच्या बसेस येतात आणि मग सभागृहासारख्या त्या मोठ्या गुहेत प्रत्येकाला आपला आवाज घुमतो का ते बघायचंच असतं. गेट उघडतं तेव्हाच आत शिरा, सकाळचे पहिले दोन तास म्हणजे सोनं. सोबत पाणी, टोपी, पकड चांगली असलेले बूट, आणि असेल तर छोटी दुर्बीण. दुर्बीण पक्ष्यांसाठी नाही, काही चित्रं इतकी उंचावर आहेत की मान दुखते आणि तरी दिसत नाहीत, तिथे ती लागते. (इतक्या उंचावर चढून काढली कशी हा प्रश्न तुम्हालाही पडेल. मचाण बांधून, झाडावर चढून, खांद्यावर उभं राहून, की तेव्हा खालची जमीनच उंच होती, जागेजागेप्रमाणे उत्तर बदलतं.)

गाईड घ्यायचा का? घ्या, पण एक अट घाला की आम्हाला गोष्टी नकोत, तुम्ही फक्त चित्र कुठे आहे ते बोटाने दाखवा, बाकी आम्ही बघतो. चांगला माणूस भेटला तर तो खूश होतो. आणि बोट लांबूनच.

डोळा बसवायचा

आता मुख्य भाग. पहिल्या शैलाश्रयासमोर गेलात की लगेच पुढे सरकायचं नाही. खाली बसा. खरंच बसा, दहा मिनिटं. उन्हातून सावलीत आल्यावर डोळ्याला वेळ लागतो हे एक आणि दुसरं म्हणजे वालुकाश्मावर नैसर्गिक लाल-तपकिरी डाग, काजळीसारखे काळे ओघळ, शेवाळ, मधमाश्यांच्या पोळ्यांचे वण असं इतकं काही असतं की डोळ्याला रंग कुठला आणि डाग कुठला हे कळायला जरा सराव लागतो. दगडाच्या डागाला कड नसते, तो विरत जातो. हाताने ओढलेल्या रेघेला जाडी असते, सुरुवात असते, शेवट असतो. आधी एक पाय शोधा. एक पाय सापडला की बाकीचे तीन आपोआप दिसतात, मग शिंग, मग शेपूट, आणि एकदा का हरीण दिसलं की मग ते परत न दिसणं शक्य नाही. आमच्या भाच्याने हे माझ्या आधी पकडलं. मी पाटीवरचं वाचत होतो आणि हा म्हणतो मामा, त्या हत्तीवर माणूस बसलाय, त्याच्या हातात काहीतरी आहे. होताच. अंकुश आहे तो.

आणि हा अंकुश महत्त्वाचा आहे, कारण इथूनच पुढची गोष्ट सुरू होते. हत्तीवर स्वार म्हणजे हत्ती माणसाळवलेला, म्हणजे हे चित्र शिकारी टोळ्यांच्या काळातलं असूच शकत नाही. म्हणजे भीमबेटका बघायला आलेला माणूस आत शिरताच जी पहिली चित्रं बघून "वा, आदिमानव" म्हणतो त्यातली बरीच ऐतिहासिक काळातली, म्हणजे लिहिणं-वाचणं सुरू झाल्यानंतरची, आहेत. मला हे कळल्यावर पहिल्या ट्रिपचा सगळा हिशोबच चुकला.

थर वाचायचे

भीमबेटकाची भिंत म्हणजे एक चित्र नाही. आपल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर कसं, आजोबांनी चुना मारला, काकांनी त्यावर पिवळा डिस्टेंपर मारला, कुणी पोराने त्यावर खडूने गाडी काढली, आणि पोपडा निघाला की सगळेच एकदम दिसतात, तसं. हजारो वर्षं वेगवेगळी माणसं त्याच दगडावर आधीच्याच्या डोक्यावर काढत गेलीत. आजूबाजूला कोरा दगड पडलेला असतानाही! याचं खात्रीचं कारण कुणाकडे नाही, जागाच मानाची असावी असा अंदाज करता येतो, आपल्याकडेही देवाच्या त्याच एका दगडाला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लागतोच ना.

तर करायचं असं की जिथे दोन चित्रं एकमेकांवर आलीत तिथे थांबायचं आणि विचारायचं, कुठली रेघ कुठल्या रेघेवरून जाते? जी तुटलेली दिसते ती खालची, म्हणजे जुनी. जी सलग जाते ती वरची. बहुतेक ठिकाणी तुम्हाला खाली लाल आणि वर पांढरा दिसेल. याचा सर्वात छान सराव होतो चार नंबरच्या खडकावर, ज्याला सगळे झू रॉक म्हणतात. एका खडकावर ४५३ आकृत्या मोजल्यात, त्यात २५२ प्राणी, ते पण १६ जातींचे. आम्ही तिथे दीड तास बसलो आणि तेव्हाही शंभरच्या पुढे गेलो नाही. बहिणीने वहीत चौकोन आखून लिहायला सुरुवात केली, डावीकडे वर काय, उजवीकडे खाली काय, आणि तो प्रकार भयंकर उपयोगी पडला, कारण असा मोठा दगड एकदम बघायला गेलं की डोळा नुसता भिरभिरतो. चार चौकोन करा मनातल्या मनात, एकेक संपवा.

मग जुनं-नवं ओळखायच्या काही खुणा. शंभर टक्के नियम नाहीत हे, पण पुष्कळदा लागू पडतात.

घोडा दिसला, त्यावर स्वार, हातात तलवार-ढाल, रांगेने चाललेत, तर ते ऐतिहासिक काळातलं, बहुधा पांढऱ्यात किंवा गडद लालमध्ये. अक्षरं दिसली तर अर्थातच तेही. वशिंडाचा बैल दिसला तर शेती-गुरं करणाऱ्या लोकांशी संबंध आल्यानंतरचं, ताम्रपाषाण काळ किंवा पुढे. माळव्यातल्या त्या काळच्या मडक्यांवर जशी नक्षी असते तशी नक्षी काही चित्रांत आहे, तीही त्याच हिशोबात. धनुष्यबाण, टोळीची शिकार, आणि प्राण्याच्या अंगात भरलेल्या रेघा, जाळी, वळणं, मधाच्या पोळ्यासारखी चौकटी, हे दिसलं की थांबा, हे बहुधा मध्याश्मयुगातलं, म्हणजे आजपासून साधारण दहा हजार वर्षं वगैरेच्या पट्ट्यातलं. माझ्या मते भीमबेटकाची खरी श्रीमंती हीच. हरणाच्या पोटात कुणी एवढी बारीक जाळी का भरत बसेल? काही ठिकाणी प्राण्याच्या पोटातलं पिल्लू काढलेलं आहे, बाहेरून न दिसणारं, एक्स-रे काढल्यासारखं. जनावर कापलेल्या माणसालाच आत काय कुठे असतं ते माहीत असणार, हे उघड आहे, पण ते काढावंसं वाटणं ही वेगळी गोष्ट.

आणि हिरवा. लाल-पांढऱ्यापुढे हिरवा फार कमी आहे, त्यामुळे दिसला तर नशीब समजा. हिरव्या रेघांतली एस आकारात वळलेली, नाचणारी माणसं वाकणकरांच्या मते इथली सगळ्यात जुनी चित्रं, उत्तर पुराश्मयुगातली, म्हणजे मध्याश्मयुगाच्याही आधीची. सगळ्यांना ते पटत नाही, काही अभ्यासक इथली चित्रं मध्याश्मयुगापासून पुढचीच मानतात. म्हणून कुणी छातीठोकपणे "तीस हजार वर्षं" सांगितलं तर मान डोलवा आणि वहीत प्रश्नचिन्ह काढा.

आता त्या "एक लाख"चं काय? तो आकडा हवेतून आलेला नाही, फक्त चुकीच्या जागी चिकटवलाय. लाख वर्षांपेक्षा जुना आहे तो माणसांचा वावर, चित्रं नव्हेत. सत्तरच्या दशकात वाकणकर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी इथे खोदकाम केलं, मिश्रांनी खोदलेला शैलाश्रय तीन एफ तेवीस (आधी टेकडीचा नंबर, मग गटाचं अक्षर, मग शैलाश्रयाचा नंबर, अशी पत्ता लिहायची पद्धत) एकदम प्रसिद्ध आहे, कारण तिथे खालून वर अखंड थर सापडले, एकदम खाली हातात मावतील अशा मोठ्या दगडी कुऱ्हाडी, आणि वर वर येत हत्यारं लहान लहान होत जातात. सगळ्यात वर सूक्ष्मास्त्रं, म्हणजे नखाएवढी गारगोटीची पाती, जी लाकडात किंवा बाणात ओळीने बसवायची. आता भिंतीवरचे बाण दुर्बिणीतून बघा, काहींना टोकाखाली बारीक काटे काढलेत. जमिनीत सापडलेली पाती आणि भिंतीवरचे काटे, जुळलं की नाही? शिवाय त्या थरांत लाल दगडाचे घासून चपटे झालेले तुकडे मिळाले, घासून रंग काढल्याच्या खुणा अंगावर घेऊन.

ही सगळी चित्रं एकेक करून कागदावर उतरवायचं काम यशोधर मठपाल यांनी केलं, तेही डेक्कन कॉलेजच्याच पीएचडीसाठी. सहा हजारांहून जास्त आकृत्या, जलरंगात, जागेवर बसून. आपण फोनने क्लिक करतो आणि तरी दगडच येतो.

माणसं कशी होती ते कुठे बघायचं

प्राणी मोठे आणि देखणे, माणसं म्हणजे काड्या. पहिल्यांदा वाटतं यांना माणूस काढता येत नव्हता. छे. ज्याला चितळाच्या मानेचा बाक बरोब्बर पकडता येतो त्याला माणूस येत नसेल होय? माणूस हालचालीसाठी काढलाय. धावतोय, वाकलाय, दोर ताणलाय, रांगेत हात धरून नाचतोय. चेहरा कुणालाच नाही. कोण आहे यापेक्षा काय करतोय हे त्यांना सांगायचं असावं, हे माझं मत.

नाचाच्या रांगा बघून आपल्या लोकांना हमखास वारली आठवते आणि तारपा नाच आठवतो. मलाही आठवला. दोन्ही शेजारी ठेवून बघायला मजा येते, पण "वारली इथूनच आली" असं लिहून टाकू नका, मध्ये हजारो वर्षं आणि शेकडो मैल आहेत. त्यापेक्षा जवळचा संबंध बघायचा तर शेजारच्या गावात बघा, युनेस्कोच्या नोंदीतसुद्धा लिहिलंय की आसपासच्या एकवीस गावांतल्या लोकांच्या रीतीभाती आणि भिंतीवरच्या चित्रांत साम्य आहे.

शिकारीची दृश्यं सगळे बघतात. तुम्ही दुसरं शोधा. डोक्यावर-पाठीवर ओझं घेऊन चाललेल्या बायका, फळं गोळा करणारी माणसं, मध काढणं, मासे, खेकडा. हाताचे ठसे. मोठ्या सभागृहासारख्या गुहेत (तीन नंबर, बोगद्यासारखी आरपार, चाळीसेक मीटर लांब) लहान मुलाच्या हाताचा ठसा आहे. बहिणीने भाच्याला तिथे हवेतच हात धरायला लावला, लांबून, ठशाच्या दिशेने. त्यानंतर पोरगं अर्धा तास गप्प होतं, जे एरवी झोपेतच घडतं.

त्याच गुहेत एक मोठा सुटा खडक उभा आहे, त्यावर वाटीसारखे गोल खळगे ठोकून केलेत. त्यात रंग नाही, चित्र नाही, म्हणून लोक ढुंकून बघत नाहीत. पण काही संशोधक म्हणतात की इथल्या चित्रांपेक्षा हे खळगे कितीतरी जुने, लाखो वर्षांपूर्वीचे. वाद आहे. तरी बघा, दगड किती कठीण आहे ते डोळ्यानेच कळतं आणि दगडाने दगडावर ठोकून अशी एक वाटी करायला किती ठोके लागले असतील याचा हिशोब मनात सुरू होतो.

गेंडाही शोधा. हो, मध्य प्रदेशात गेंडा. गवा, रानम्हैस, वाघ, अस्वल, वानर हे तर आहेतच पण गेंडा म्हणजे त्या काळी पाणी, दलदल, उंच गवत आजच्यापेक्षा जास्त असणार. आणि पंधरा नंबरला शेवटी तो भलामोठा लाल प्राणी, रानडुकराचं तोंड, म्हशीसारखी शिंगं, माणसाच्या मागे लागलेला. तो कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही. लोक विचारतात नक्की कोण आहे तो. कोणी नाही, कुणाच्या तरी स्वप्नातला किंवा गोष्टीतला आहे, आणि मला तर तोच सगळ्यात जवळचा वाटतो कारण इथे पहिल्यांदा कळतं की ही माणसं फक्त पाहिलेलं काढत नव्हती. (परग्रहवासीवाले लोक असल्या चित्रांवर व्हिडिओ बनवतात. सोडून द्या.)

आणि चुकायला घाबरू नका. २०२० साली मोठे भूशास्त्रज्ञ इथे येऊन गेले, त्या सभागृहाच्या छतावर पानासारखा एक आकार दिसला, २०२१ मध्ये जाहीर झालं की हा डिकिन्सोनिया नावाच्या साडेपाचशे कोटी... चुकलो, साडेपाचशे दशलक्ष म्हणजे पंचावन्न कोटी वर्षं जुन्या जिवाचा जीवाश्म आहे, जगभर बातम्या झाल्या. मग दुसरी टीम जाऊन बघते तर तो आकार झडायला लागलेला. ते मधमाश्यांचं जुनं पोळं निघालं! २०२३ मध्ये पहिल्या संशोधकांनी मोकळेपणाने मान्यही केलं. तर तुम्हाला एखादा डाग हरीण वाटला तर काही बिघडत नाही.

मधमाश्यांवरून आठवलं, आग्या मोहोळं खरोखर लटकलेली असतात वर. धूर, सिगारेट, आरडाओरडा, उग्र सेंट, सगळं टाळा.

फोटो

फ्लॅश बंद. दगड ओला करू नका, पूर्वी लोक रंग उठून दिसावा म्हणून पाणी मारायचे आणि त्याने क्षार वर येऊन चित्रावर पांढरी पापुद्री बसते. बोट लावू नका, हाताला तेल असतं.

फोटो सरळ समोरून घ्या, सावलीत, झूम कमी, आणि शक्य तितका मोठ्या साईझचा. एक लांबून, एक जवळून, नाहीतर घरी आल्यावर कुठला पाय कुठल्या गाईचा ते कळत नाही. आणि मग जादू. डीस्ट्रेच नावाचं सॉफ्टवेअर आहे, जॉन हरमन नावाच्या माणसाने खास शैलचित्रांसाठीच बनवलेलं, मूळ तंत्र उपग्रहाच्या फोटोंसाठी वापरतात ते, म्हणजे जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या रंगछटा ताणून लांब करायच्या. इमेजजे या प्रोग्राममध्ये ते जोडता येतं. त्यात वेगवेगळे पर्याय असतात, लालसाठी वायआरई आणि एलआरई आधी लावून बघा, काळ्यासाठी वायबीके. माझ्या पहिल्या ट्रिपचा एक फोटो, ज्यात फक्त मी आणि दगड होतो, त्यात माझ्या डोक्यामागे तीन माणसं धावताना निघाली. मी मात्र त्या फोटोत जांभळा झालो.

वेळ उरला तर परतताना भोजपूरचं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर करा, सगळे करतात. पण चित्रांचा नाद लागला असेल तर उलट्या बाजूला नर्मदापुरमजवळ आदमगड आहे, गर्दी कमी. आणि आपल्या विदर्भवाल्यांसाठी, अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींनी २००७ मध्ये सातपुड्यात, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत धारूळ गावाजवळ चित्रांचे शैलाश्रय शोधून काढले, मोर्शीकडून जवळ. स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय मात्र तिकडे शिरू नका, जंगल आहे. कोकणातली कातळशिल्पं वेगळी, ती जमिनीवर कोरलेली आहेत, रंग नाही, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

घरी आल्यावर करायचं काम

हे पोरांसोबत नक्की करा. गेरू आणा, कुंडीला लावतो तोच, पण पावडरीपेक्षा ढेकूळ मिळालं तर उत्तम. दगडी पाट्यावर थोडं पाणी घालून उगाळा, चंदन उगाळतो तसं. (आईचा रोजचा पाटा घेऊ नका. मी घेतला.) त्याचे तीन भाग करा, एक नुसत्या पाण्यातला, एकात बाभळीच्या डिंकाचं पाणी, एकात थोडं तूप किंवा चरबी. त्यांनी नक्की काय मिसळलं होतं ते ठाम सांगता येत नाही, हे आपले आपण करून बघायचे पर्याय. ब्रश म्हणून कडुलिंबाची काडी, दातवणासारखी टोकाला चावून केसाळ केलेली. आणि कागद नको, खरबरीत दगड किंवा जुनी वीट घ्या.

पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी कळतील. काडीला रंग फार कमी धरतो, चार बोटं रेघ ओढली की संपतो, परत बुडवा, आणि त्यामुळे चितळाची पाठ एका झटक्यात ओढलेली बघितली की हात जोडावेसे वाटतात. दुसरं म्हणजे खोडता येत नाही. चुकलं की त्याच चुकीचं काहीतरी करावं लागतं, भाच्याच्या बैलाला असं करत सहा पाय झाले आणि मग त्याने तो दोन बैल आहेत म्हणून जाहीर केलं.

आमची वीट गॅलरीत कठड्यावर राहिली, दोन पावसाळे. डिंकाचा रंग पहिल्याच जूनमध्ये धुऊन गेला. तुपाच्या बैलाला मुंग्या लागल्या आणि मग काळी बुरशी. नुसत्या पाण्यात उगाळलेला होता तो विटेच्या छिद्रांत शिरून बसलाय, फिका झालाय पण आहे. परवा भाचा आला तेव्हा त्याने आधी तोच बघितला, आणि मग घरातून खडू आणून त्याच्याच डोक्यावर एक घोडा काढला.